अणुकेंद्राच्या पायऱ्या

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे यांच्यामुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. सह्याद्रीच्या कुशीतील इतर गावांप्रमाणे तेथेही भात हेच मुख्य पीक. कोकणात पावसाळ्यापूर्वी रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून राब भाजण्याची जुनी चाल आहे. राब भाजला की मागे राख आणि काळे कोळसे उरतात. तो काळा रंग कार्बनचा. भाताच्या दाण्यात कार्बन आहे, आंब्याच्या फांदीत आहे, दुधात आहे. आपल्या शरीराच्या वजनाचा सुमारे १८ टक्के भाग कार्बनचा आहे. तालुक्याच्या नावात जे पोलाद आहे, तेही लोखंडात थोडासा कार्बन मिसळल्याशिवाय होत नाही.

हा कार्बन आला कोठून? झाडाने तो हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून घेतला, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण झाडाने कार्बन तयार केला नाही. फक्त एका जागचा उचलून दुसऱ्या जागी ठेवला. पृथ्वी तयार झाली तेव्हा तिच्याजवळ जो कार्बन होता तोच आजवर फिरतो आहे, आणि तो पृथ्वीच्याही आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांच्या पोटात तयार झाला होता. ताऱ्याला तो तयार करता आला याचे कारण मोठे विलक्षण आहे. कार्बनच्या अणुकेंद्रात ऊर्जेची एक पायरी अगदी हव्या त्या उंचीवर आहे. ती थोडी वर किंवा खाली असती, तर राबात कोळसा उरला नसता, आणि राब भाजणाराही नसता. ही पायरी म्हणजे काय, आणि ती तेथेच का आहे, हे आता पाहू.

ऊर्जेच्या पायऱ्या

डोंगराच्या उतारावर तुम्हाला कोणत्याही उंचीवर उभे राहता येते. रायगडाच्या पायऱ्यांवर मात्र तसे नाही. तेथे एक तर या पायरीवर उभे राहायचे, नाही तर वरच्या. दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवायला जागा नसते. अणूतील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अशीच पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश म्हणजे वरच्या पायरीवरून खाली उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनाने टाकून दिलेली ऊर्जा होय. ती सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते.

अणुकेंद्रालाही अशाच पायऱ्या असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ऊर्जापातळ्या म्हणतात. अणुकेंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन फार थोड्या जागेत, फार प्रबळ अशा केंद्रीय बलाने बांधलेले असतात. त्यामुळे येथील पायऱ्या अणूच्या पायऱ्यांपेक्षा सुमारे दहा लाख पट उंच असतात. त्या मोजण्यासाठी दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक वापरतात. त्याला आपण थोडक्यात ‘एमईव्ही’ म्हणू. कार्बन-१२ च्या अणुकेंद्राची पहिली पायरी तळापासून ४.४४ एमईव्ही उंचीवर आहे. लिथियम-७ ची पहिली पायरी केवळ ०.४८ एमईव्हीवर आहे. हेलियम-४ ची पहिली पायरी मात्र २०.२ एमईव्ही इतकी उंच! वरच्या पायरीवर गेलेले अणुकेंद्र बहुधा गॅमा किरण बाहेर टाकून खाली उतरते, नाही तर एखादा कण बाहेर टाकून फुटते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या पायऱ्यांची उंची मोजतात कशी? एका मुलाला १०० रुपये देऊन बाजारात पाठविले आणि तो ५६ रुपये घेऊन परत आला, तर त्याने ४४ रुपये खर्च केले हे पिशवीत न पाहताही कळते. शास्त्रज्ञ अणुकेंद्रांवर ठरावीक ऊर्जेचे कण सोडतात आणि आदळून परत येणाऱ्या कणांची ऊर्जा मोजतात. जेवढी ऊर्जा कमी भरली तेवढी अणुकेंद्राने पायरी चढण्यासाठी घेतली. अशी हजारो मोजमापे जगभरच्या प्रयोगशाळांत झाली. टॉमस लॉरिट्सन आणि फे आयझेनबर्ग-सेलोव्ह या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकापासून ती तपासून, जुळवून, हलक्या अणुकेंद्रांच्या पायऱ्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. लॉरिट्सन यांच्यानंतर फे बाईंनी हे काम पुढे अनेक वर्षे चालविले.

हेलियमपाशी अडलेली वाट

आता ताऱ्याकडे वळू. सूर्यासारख्या ताऱ्यात चार हायड्रोजनांपासून एक हेलियम-४ बनतो. हेलियम-४ चे अणुकेंद्र म्हणजेच अल्फा कण: दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. हे चौघे एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की त्यांना सुटे करायला २८.३ एमईव्ही ऊर्जा लागते. त्याची पहिली पायरी इतकी उंच का, हे यावरून लक्षात येईल. हे कुटुंब सहजासहजी विस्कटत नाही.

हायड्रोजन संपत आला की ताऱ्याचा गाभा आकुंचन पावतो आणि तापमान दहा कोटी अंशांच्या घरात जाते. आता हेलियमपासून पुढची मूलद्रव्ये तयार व्हायला हवीत. पण येथे एक अडचण येते. पाच कणांचे एकही स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही. म्हणून हेलियमला एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन चिकटवून उपयोग नाही. दोन हेलियम जोडले तर आठ कणांचे बेरिलियम-८ होते. तेही टिकत नाही. का, ते स्वतःच हिशेब करून पाहा.

हेलियम-४ चे वस्तुमान ४.००२६०३३ एकके आहे, तर बेरिलियम-८ चे ८.००५३०५१ एकके. दोन हेलियमांची बेरीज ८.००५२०६६ होते. म्हणजे बेरिलियम-८ हे त्याच्या दोन भागांपेक्षा ०.००००९८५ एककाने जड आहे! एक एकक म्हणजे ९३१.५ एमईव्ही. तेव्हा हा फरक सुमारे ०.०९२ एमईव्ही झाला. फरक किरकोळ आहे, पण चिन्ह उलटे आहे. कोणतेही टिकाऊ अणुकेंद्र आपल्या भागांपेक्षा हलके असते. बेरिलियम-८ जड असल्यामुळे लगेच फुटते. किती लगेच? १ वर १६ शून्ये लिहा आणि त्या संख्येने एका सेकंदाला भागा. बेरिलियम-८ चे अर्धायुष्य त्याहूनही किंचित कमी आहे.

तरीही एक आशा होती. दोन अल्फा कण नुसते एकमेकांजवळून जायला जेवढा वेळ घेतात, त्याच्या हजारो पट काळ हे बेरिलियम टिकते. अमेरिकेतील एडविन सॉल्पीटर यांनी १९५२ मध्ये दाखविले, की ताऱ्याच्या तप्त गाभ्यात बेरिलियम सतत बनत आणि फुटत असल्यामुळे कोणत्याही क्षणी थोडे बेरिलियम तेथे हजर असते. त्याचे प्रमाण सुमारे शंभर कोटी हेलियमांमागे एक, इतके अल्प असते. ते फुटण्याच्या आत तिसरा अल्फा कण येऊन आदळला, तर कार्बन-१२ बनेल.

हॉयल यांचे भाकीत

इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी हा हिशेब तपासला तेव्हा त्यांना एक उणीव दिसली. या मार्गाने कार्बन बनतो खरा, पण फारच हळू. जेवढा बनतो तोही आणखी एक अल्फा कण गिळून ऑक्सिजन होऊन जाईल. विश्वात तर कार्बन भरपूर आहे. मग त्यांनी उलट बाजूने विचार केला. कार्बन आहे, त्या अर्थी तो वेगाने बनण्याची काही सोय असलीच पाहिजे.

ही सोय अनुस्पंदनाची. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर थोड्या जोरातही तो उंच जातो; लय चुकली तर जोर वाया जातो. अणुकेंद्रांच्या टकरीतही तसेच होते. आदळणाऱ्या कणांची एकूण ऊर्जा नव्या अणुकेंद्राच्या एखाद्या पायरीशी जुळली, तर ते एकत्र येण्याची शक्यता एकदम वाढते.

तीन हेलियमांची बेरीज कार्बन-१२ पेक्षा किती एमईव्हीने जास्त आहे, ते काढा. कार्बन-१२ चे वस्तुमान बरोबर १२ एकके धरलेले आहे. तीन हेलियम १२.००७८०९९ एकके. फरक ०.००७८०९९ एकके, म्हणजे सुमारे ७.२७ एमईव्ही. दहा कोटी अंशांच्या उष्णतेमुळे कणांना मिळणारी ऊर्जा त्यात मिळविली, तर कार्बनची एक पायरी ७.२७ च्या किंचित वर, ७.७ एमईव्हीच्या सुमारास असली पाहिजे, असे हॉयल यांनी ठरविले.

१९५३ च्या सुरुवातीला हॉयल अमेरिकेत पॅसाडिना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. तेथे विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी ही पायरी शोधून पाहा, असा आग्रह धरला. तारे पाहणाऱ्याने अणुकेंद्राच्या आतली गोष्ट सांगावी, हे प्रयोगशाळेतील मंडळींना चमत्कारिकच वाटले. अशा पायरीच्या खुणा पूर्वी दिसल्या होत्या, पण नंतरच्या मोजमापात ती सापडली नव्हती. तरी वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजन-१४ वर ड्यूटेरॉनांचा मारा करून तयार होणारा कार्बन तपासला, आणि ७.६८ एमईव्हीपाशी पायरी मिळाली! आजच्या अचूक मोजमापाप्रमाणे तिची उंची ७.६५४ एमईव्ही आहे. तिला ‘हॉयल अवस्था’ म्हणतात. १९५७ मध्ये कुक, फाउलर आणि दोघे लॉरिट्सन पिता-पुत्र यांनी ही अवस्था खरोखरच तीन अल्फा कणांत फुटते हे दाखविले. जी तीन अल्फा कणांत फुटते, ती तीन अल्फा कणांपासून बनूही शकते.

या पायरीमुळे कार्बन बनण्याचा वेग कोटी पटींच्या घरात वाढतो. पण हॉयल अवस्थेत पोचलेले बहुतेक अणुकेंद्र पुन्हा फुटूनच जाते. दर दोन-अडीच हजारांमागे एखादेच ऊर्जा टाकून तळाच्या पायरीवर उतरते आणि कायमचे कार्बन होते. आपल्या देहातील कार्बनचे बहुतेक सर्व अणू या अरुंद वाटेने आलेले आहेत.

फाउलर यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्याचे दुसरे मानकरी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. हॉयल यांना ते मिळाले नाही. त्यांचे केंब्रिजमधील शिष्य जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक. त्यांनी विज्ञान मराठीत घरोघरी पोचविले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुसरी सुदैवी पायरी

गोष्ट येथे संपत नाही. कार्बन-१२ आणि एक हेलियम मिळून ऑक्सिजन-१६ होतो. त्या दोघांची बेरीज ऑक्सिजनपेक्षा ७.१६ एमईव्हीने जास्त आहे. ऑक्सिजनची जवळची पायरी आहे ७.१२ एमईव्हीवर, म्हणजे बेरजेच्या थोडीशी खाली! ताऱ्याची उष्णता ऊर्जा वाढवू शकते, कमी करू शकत नाही. त्यामुळे ही पायरी थेट गाठता येत नाही, आणि कार्बनचे ऑक्सिजनमध्ये रूपांतर सावकाश होते. ती पायरी थोडी वर असती तर बहुतेक कार्बन ऑक्सिजनमध्ये संपला असता. एका अणुकेंद्रात पायरी जुळते आणि दुसऱ्यात थोडक्यात हुकते, म्हणून जगात कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही आहेत.

पायरी तेथेच का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पायऱ्यांची उंची कोण ठरवते? उत्तर आहे, अणुकेंद्रातील कणांची मांडणी. पुस्तकातील चित्रात अणुकेंद्र गोळ्यांच्या गोल लाडवासारखे काढलेले असते. हलक्या अणुकेंद्रांचे चित्र नेहमीच तसे नसते. घट्ट बांधलेला अल्फा कण काही अणुकेंद्रांत आपले वेगळेपण राखून राहतो. बेरिलियम-८ म्हणजे आठ कणांचा एक गोळा नसून शेजारी शेजारी असलेले दोन अल्फा कण आहेत, असे मानले जाते. आकार झाला व्यायामाच्या डंबेलसारखा.

हे खरे कशावरून? डंबेल गरगर फिरू शकते, आणि फिरणाऱ्या वस्तूच्या ऊर्जापातळ्या एका ठरावीक नियमाने येतात. फिरण्याचा क्रमांक ‘ज’ असेल तर ऊर्जा ज × (ज + १) या प्रमाणात असते. दोन्ही टोके सारखीच असल्याने अर्धा फेरा झाला की डंबेल पुन्हा पूर्वीसारखेच दिसते. म्हणून ज ला फक्त ०, २, ४ असे सम अंक चालतात. ज = २ साठी २ × ३ = ६, आणि ज = ४ साठी ४ × ५ = २०. बेरिलियम-८ च्या पायऱ्या ३.०३ आणि ११.३५ एमईव्हीवर आहेत. ३.०३ ला ६ ने भागले तर ०.५१ येते, ११.३५ ला २० ने भागले तर ०.५७. अगदी तंतोतंत नाही, पण इतक्या क्षणभंगुर अणुकेंद्राच्या मानाने नियम चांगलाच पाळला गेला आहे.

याहून भक्कम पुरावा मिळाला तो आपल्या मुंबईत. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा ‘पेलेट्रॉन’ हा कणवेगवर्धक १९८८ पासून आहे. विवेक दातार, डी. आर. चक्रवर्ती, वंदना नानल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे हेलियम वायूवर हेलियमच्याच अणुकेंद्रांचा झोत सोडला. टक्कर ११.३५ एमईव्हीच्या पायरीवर नेमकी बसावी यासाठी झोताची ऊर्जा सुमारे २३ एमईव्ही लागते. (दोन्ही कण सारख्या वस्तुमानाचे असल्यामुळे निम्मीच ऊर्जा कामी येते, उरलेली दोघांना मिळून पुढे ढकलण्यात जाते.) त्या पायरीवर गेलेले बेरिलियम जवळजवळ नेहमी फुटूनच जाते. मात्र ते डंबेलच्या आकाराचे असेल, तर कोटी वेळांमागे सुमारे एकदा ते न फुटता, सुमारे ८ एमईव्हीचा गॅमा किरण टाकून खालच्या ३.०३ च्या पायरीवर उतरले पाहिजे, असे गणित सांगत होते. लांबट विद्युत्-भारित वस्तू फिरताना किरण जोराने टाकते. गोल वस्तू फिरली तरी बाहेर काहीच बदलत नाही, म्हणून ती तसे किरण टाकत नाही. तेव्हा हा किरण किती वेळा येतो, त्यावरून आकार कळतो.

कोटीत एक घटना शोधायची कशी? संशोधकांनी एक गॅमा किरण आणि दोन अल्फा कण असे तिन्ही एकाच क्षणी आले तरच नोंद घेतली. शिवाय झोताची ऊर्जा पायरीवर ठेवून आणि पायरीपासून दूर नेऊन, अशी दोनदा मोजणी केली. पायरीवर या क्रियेचे प्रमाण १६५ नॅनोबार्न भरले आणि पायरीपासून दूर ३९. (बार्न हे अशा टकरींची शक्यता मोजण्याचे एकक आहे, नॅनोबार्न म्हणजे त्याचा शंभर कोटीवा भाग.) २००५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बेरिलियम-८ च्या डंबेल आकाराची गॅमा किरणांनी दिलेली ही जगातील पहिली साक्ष. त्याच गटाने सुमारे तिप्पट अचूक मोजमाप २०१३ मध्ये प्रसिद्ध केले.

कार्बनची हॉयल अवस्थाही याच घराण्यातली. तळाच्या पायरीवर कार्बन-१२ आटोपशीर असतो. हॉयल अवस्थेत मात्र तीन अल्फा कण एकमेकांपासून जरा दूर, सैलसे असतात. म्हणूनच ही पायरी तीन अल्फा कण सुटे होण्याच्या उंचीजवळ आहे. तिच्यात ते अर्धेमुर्धे सुटे झालेलेच असतात. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, की ही अवस्था फुटताना जवळजवळ नेहमी आधी बेरिलियम-८ आणि एक अल्फा कण अशी फुटते. ताऱ्यात जी वाट चढायची, तीच वाट उतरताना दिसली. २०११ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रोटॉन-न्यूट्रॉनांमधील बलांपासून सुरुवात करून महासंगणकावर ही पायरी प्रथमच गणिताने काढली. तरीही तिच्यातील तीन अल्फा कणांची नेमकी मांडणी कशी, यावर अजून प्रयोग आणि गणिते चालू आहेत. हे काम पुरे करणारा कोणी आज आठवी-नववीच्या वर्गातही बसलेला असू शकेल.

करून पाहा

१. बेरिलियम-८ आणि हेलियम-४ यांच्या वस्तुमानांची बेरीज करा. ती कार्बन-१२ पेक्षा किती एमईव्हीने जास्त आहे, ते काढा. हॉयल अवस्था (७.६५४ एमईव्ही) त्याच्या वर आहे की खाली, आणि किती?

२. ऑक्सिजन-१६ चे वस्तुमान १५.९९४९१४६ एकके आहे. या लेखातील ७.१६ हा आकडा पडताळून पाहा.

३. बेरिलियम-८ ची ज = ६ ची पायरी असती तर ती नियमाप्रमाणे साधारण किती उंचीवर आली असती? ०.५१ आणि ०.५७ हे दोन्ही गुणक वापरून पाहा.

शिक्षकांनी ही उदाहरणे वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावीत. दशांशचिन्हानंतरचा सातवा अंकही किती मोलाचा असतो, हे विद्यार्थ्यांना त्यावरून कळेल. पहिल्या उदाहरणात ते सगळे अंक कापून टाकले तर कार्बनचा ठावठिकाणाच लागत नाही.